दार तुमच्याकडं, खिट्टी माझ्याकडं

प्रिय तिमो,

तुझं पत्र परवा पोचलं. बोटवाल्यानं ते खारवलेल्या मासळीच्या मडक्याशेजारी खोचून आणलं होतं, त्यामुळं तुझ्या घरची हालहवाल वासासकट मिळाली. वाचताना आधी हसूच आलं. पंचावन्न वर्षांची झालीस आणि तुझा सिग्मा अजून उलटाच! त्या सिग्मापायी मी तुझ्या बोटांवर किती टिचक्या मारल्या असतील. तुझ्या भावाला शिकवायला मास्तर यायचे तेव्हा आपल्याला अंगणातून हाकलून द्यायचे, आठवतं? मग मी तुला बाबांच्या कारखान्यात नेलं. बाबा लाकडाच्या सांध्यांवर अक्षरं कोरायचे. अल्फाला अल्फा, बीटाला बीटा जुळवला की खोललेलं दार पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं. त्या सांध्यांवरून मी शिकले आणि माझ्याकडून तू शिकलीस. अथेन्सच्या नागरिकाची लेक एका उपऱ्या सुताराच्या पोरीकडून लिहायला शिकतेय हे तुझ्या आईला कळलं असतं, तर तिनं आपल्या दोघींना मागालाच बांधून ठेवलं असतं.

तुझा नवरा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तो कधी हात उगारणारा नव्हता असं लिहिलंस. चाळीस वर्षांच्या संसाराला एवढं प्रशस्तिपत्र काही कमी नाही. आता फानिअस घर विकून पिरायसला बंदराजवळ बिऱ्हाड करणार आणि तू त्याच्यामागून जाणार. लेकापुढं आईचं काय चालतं म्हणा. काय न्यायचं आणि काय काढायचं याची तू यादीही दिलीस. काढायच्या वस्तूंत एक माग, तेलाचे चार रांजण, मोठं जातं, मागच्या घराचं दार, आणि सिमी. सगळं एका ओळीत. त्याखाली लिहिलंस की सिमीला आता कुठल्या घरात कोण घेणार, तिची आई चोर होती हे सगळ्या आळीला ठाऊक आहे. गुलामांना पिठाच्या जात्यांना जुंपतो तो कारखानदार तेवढा घेतो म्हणालाय, अमावास्या झाली की येईल. आणि लगेच पुढं, 'दार तुझ्या बाबांच्या हातचं आहे, तुला हवं का गं मिका? बोटीवर घालून देते.' ते वाचून मी उठले आणि माजघरात जाऊन बसले. बाहेर आले तर सूनबाई विचारते, "सासूबाई, कोण गेलं?"

कुणी गेलं नाही म्हटलं. पण रात्रंदिवस तेच डोक्यात आहे, म्हणून हे लांबलचक लिहायला बसले. तू कंटाळशील, तरी शेवटपर्यंत वाच. मधे उठू नकोस.

तुमचं घर पुढचं आणि आमचं मागचं, मधे एक मातीच्या विटांची भिंत. त्या भिंतीला आपण चातीनं भोक पाडलं होतं. तुमच्याकडं काय शिजतंय ते मला वासानं कळायचं आणि आमच्याकडं काही शिजत नाही ते तुला. मग तू त्या भोकातून खारे जैतून एकेक करून ढकलायचीस. एकदा तुझ्या वडिलांना ते भोक दिसलं आणि भिंतफोडे चोर आले म्हणून त्यांनी अख्खी आळी गोळा केली! आपल्या गावचे चोर दारानं कधी येतच नाहीत, भिंत उकरून येतात, तरी जो तो जपतो ते दारालाच. आमच्या घरात जपण्यासारखं होतं तेही दारच. जमीन तुमची, भिंती तुमच्या, छपराची कौलं तुमची. परक्या माणसाला अथेन्समध्ये ढेकूळभर जमीन घेता येत नाही, मग तो तिथं तीस वर्षं राबलेला का असेना. पण दार भाडेकरूचं. जाईल तिथं त्यानं ते खांद्यावर घालून न्यावं. बाबांनी ते दोन हिवाळे खपून केलं होतं. एल्मच्या लाकडाची दोन कवाडं, मागं आडवा अडसर, आणि अडसराच्या भोकात वरून टपकन पडणारी लोखंडी खिट्टी, ओकच्या फळाएवढी. ती पडल्याचा आवाज ऐकला की आई म्हणायची, "चला, आता आपण घरात."

तुझे वडील संध्याकाळी अंगणातल्या झ्यूसला वाइन वाहायचे आणि भिंतीवरून बाबांना चिडवायचे, "काय रे लाम्पिस, तुझा अंगणातला झ्यूस कुठाय?" बाबा रंधा न थांबवता म्हणायचे, "तो भाड्याच्या घरात राहायला तयार नाही, मालक. म्हणतो, आधी जागा नावावर कर." दोघंही हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्यात एकाला रात्री झोप लागायची आणि एकाला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

थ्रत्ताला तुमच्याकडं विकत आणलं तेव्हा आपण आठ वर्षांच्या होतो. थ्रेसकडची म्हणून थ्रत्ता, दुसरं नाव विचारायची गरज कुणाला वाटली नाही. नव्या गुलामाच्या रिवाजाप्रमाणं तिला तुमच्या चुलीपाशी बसवलं आणि तुझ्या आईनं तिच्या डोक्यावरून सुकी अंजिरं, अक्रोड, खजूर ओतले. आपण दोघी तिच्या मांडीभोवती ते वेचायला अशा तुटून पडलो की ती बिचारी अंग चोरून बसली. एक अंजीर तिच्या केसांत अडकलं होतं. तिनं ते काढलं, मोडून अर्धं तुला दिलं, अर्धं मला दिलं. तिला स्वतःला काहीच उरलं नाही. तू मला विचारलंस, "हिचं लग्न लागलं का गं?" कारण तोवर आपण ते फक्त नव्या नवरीच्या डोक्यावर ओतलेलं पाहिलं होतं.

चार वर्षांनी सिमी झाली. बाप कोण हे त्या घरात कुणी विचारलं नाही, त्यामुळं मीही विचारत नाही. पण लोकरीची गंमत तुला आठवते का? मुलगी झाली की दाराला लोकर बांधायची, हे आपल्याला पक्कं ठाऊक. आपण दोघींनी तुमच्या पुढच्या दाराला मोठा झुपका बांधला. तुझी आई बाहेर आली आणि ओरडली, "मेल्यांनो, बटकीच्या पोरीला कसली लोकर? लोकांना वाटेल मलाच झाली!" आणि ओढून फेकून दिली. तू रडायला लागलीस. तेव्हा बाबा ती लोकर उचलून म्हणाले, "आमच्या दाराला बांधा पोरींनो. हे दार माझं आहे, याला कुणाची बंदी नाही." सात दिवस ती लोकर आमच्या दारावर होती. आळीतल्या बाया आईला धरून विचारायला लागल्या, "अगं, पोट कधी दिसलं नाही ते?" आणि आई आपली सगळ्यांना सांगत सुटली, "मला नाही हो, दाराला झाली!" इतकी वर्षं झाली, तरी हे आठवलं की मी एकटीच हसत बसते.

सातव्या दिवशी थ्रत्ता पाण्याला जाताना आमच्या दारापाशी थांबली. लोकरीला हात लावला. मला म्हणाली, "मिकाताई, माझं नाव झिया आहे. कुणाला सांगू नका. त्यांच्या तोंडी पडलं की झिजेल." मी ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा तुलाच लिहिते आहे.

मग तुझं लग्न ठरलं, तुझ्या चुलतभावाशीच. त्याला वेगळं घर नव्हतं म्हणून मागचं घर तुम्हां दोघांना द्यायचं ठरलं. म्हणजे तुझं लग्न ठरलं त्याच दिवशी आमचं बिऱ्हाड उठलं. तुझा यात काही दोष नव्हता, तू तर पंधरा वर्षांची होतीस आणि नवरा काळा की गोरा एवढंच विचारत होतीस. आईनं भांडी बांधली. बाबा चौकटीजवळ गेले आणि पहिलं कवाड उचलायला लागले, तेव्हा तुझे वडील आले. आवाज चढवला नाही, काही नाही. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लाम्पिस, दार राहू दे. लग्नघर आहे. पोरीला काय उघड्या घरात नांदायला पाठवू?" बाबांनी म्हणायला हवं होतं की मालक, दार माझं आहे, कायदा माझ्या बाजूनं आहे. पण कायद्याकडं जायचं तर परक्याला एका नागरिकाचा पाठिंबा लागतो, आणि आमचे पाठीराखे म्हणून तुझ्याच वडिलांचं नाव लागलेलं! बाबांनी कवाड परत बसवलं. वर धूळही पुसली. मग आम्ही पिरायसच्या वाटेला लागलो. बाबांचा डावा खांदा चालताना खाली झुकलेला होता, जसं काही त्यावर दार आहेच.

आंद्रोसला यायचं ठरलं होतं, बाबांच्या गावी, पण हिवाळ्यात बोटी सुटत नाहीत. त्यामुळं तुझ्या लग्नाला मी आले. तू हट्टच धरला होतास. आमच्याच घरात, आमच्याच चुलीपाशी तुला बसवलं आणि तुझ्या डोक्यावर अंजिरं आणि अक्रोड ओतले. ओढणीखालून तू माझ्याकडं बघून पुटपुटलीस, "मिका, मी नवरी की थ्रत्ता गं?" सगळ्या बाया हसल्या. थ्रत्ताही मागं उभी होती, तीन वर्षांच्या सिमीला कडेवर घेऊन. तिला लेकीसकट तुझ्याबरोबर दिलं होतं आणि दाराची राखण तिच्याकडं होती. ती नाही हसली. मीही नाही हसले. माझ्या आईच्या चुलीवर दुसऱ्याचं भांडं चढलं होतं. माणसं गाण्यात दंग होती, आणि मी निघताना दाराशी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

पुढचं तू मला कळवलंस, एका फुटक्या मडक्याच्या खापरीवर, तुझ्या उलट्या सिग्मांनी. मी शिकवलेल्या अक्षरांत तू लिहिलेली पहिली चिठ्ठी! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिट्टी जागेवर नव्हती. लोहाराला सवड नव्हती, सणाची गर्दी, म्हणून नुसती लाकडाची काडी खुपसून ठेवली. चौथ्या दिवशी सगळे नाटकाला गेले, थ्रत्ता झऱ्यावर पाण्याला गेली, आणि तेवढ्यात कुणीतरी अडसर बाहेरून सरकवून आत शिरलं. तुझी केशरी ओढणी गेली, आहेराची भांडी गेली. थ्रत्ता म्हणत राहिली की खिट्टी मी घेतली नाही, संध्याकाळी बघायला गेले तेव्हाच ती नव्हती, भीतीनं बोलले नाही. पण गुलामाचं बोलणं मारल्याशिवाय खरं धरायचं नाही, हाच आपला न्याय. आणि मारल्यावर जे म्हणेल ते खरं. तिसऱ्या दिवशी ती 'हो' म्हणाली. तू लिहिलंस, 'शेवटी ती चोर निघाली, मिका. अर्धं अंजीर दिलं होतं तिनं आपल्याला.'

ती खापरी मी वाचली तेव्हा खिट्टी माझ्या कमरपट्ट्यात होती.

आता उठू नकोस, तिमो. बस. मी चोरी करायला नव्हती घेतली. दार तुम्ही ठेवलंत ना, मग चार दिवस ते लागू नये, तुझ्या वडिलांनी उठून बाबांना बोलवावं, दुरुस्तीसाठी गयावया करावी, एवढंच पोरकट मनात होतं. खिट्टी त्या दारापुरती घडवलेली, दुसरी बसणार नाही हे मला ठाऊक होतं. पिरायस तुमच्या घरापासून दोन तासांची वाट. मी चालत येऊन सांगू शकले असते. नाही आले. परक्या सुताराच्या पोरीनं नागरिकाच्या दाराची खिट्टी चोरली म्हटल्यावर बाबांना कुणी जिवंत सोडलं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्या भीतीच्या आड थोडा सूडही होता, तोही सांगून टाकते. पुढं कितीतरी वर्षं मनाला समजावत राहिले की चोर काय, भिंत फोडूनही आला असता. पण तो भिंत फोडून आला नव्हता. तो मी उघड्या ठेवलेल्या दारानं आला होता.

आणि तुला कधीच न लिहिलेली गोष्ट. पिरायसच्या धक्क्यावर मी थ्रत्ताला पाहिलं, विकून बोटीवर चढवायला आणलेली. भर दुपारी, दहाबारा जणांच्या ओळीत, दोरीला बांधलेली. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिला वाटलं मी मुद्दाम तिला भेटायला आले आहे. म्हणाली, "मिकाताई, आलात? माझ्या सिमीकडं लक्ष ठेवाल ना?" मी मान हलवली. बोट कुठं गेली ते मी विचारलंही नाही.

बोटीवरून येताना खिट्टी समुद्रात टाकायची ठरवलं होतं, टाकवली नाही. लोकरीच्या टोपलीत तळाशी पडून राहिली. बाबा म्हातारे झाल्यावर त्यांना एकदा ती सापडली. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ वजन करत बसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "माझ्या हातची आहे गं ही," म्हणाले. "म्हणजे दार त्यांच्याकडं, खिट्टी आपल्याकडं. लाम्पिसची लेक शोभतेस!" त्यानंतर ते जगले तेवढे दिवस रोज एकदा ती मागून घ्यायचे, खिदळायचे. थ्रत्ताचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ज्यांनी बटकीच्या लेकीची लोकर स्वतःच्या दाराला बांधली, त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? त्यांचा आनंद मला रोज चटका द्यायचा. इथं आंद्रोसला आमचं स्वतःचं घर आहे, अंगणात झ्यूस आहे, दारही आहे. पण त्या दाराचा अडसर मी कधी खिट्टीनं पक्का केला नाही. लोक म्हणतात म्हातारी विसरभोळी आहे.

तुझं नाव त्या मागच्या घरावर कधी लागलं नाही, ना माझं. माझं परकी म्हणून आणि तुझं बाई म्हणून. आधी वडील, मग नवरा, आता फानिअस. पण सिमी तुझ्या लग्नात आंदण म्हणून आली होती. तिच्यापुरता तरी तुझा शब्द चालत असेल, आणि चालत नसेल तर तू तो चालव. फानिअसला समोर बसवून हे पत्र वाचून दाखव. विचार त्याला, आईची चोरी नव्हती तर लेकीला चाळीस वर्षं कोठीची किल्ली का दिली नाही, पाहुणे आले की तिला अंगणात का बसवलं. तू वाईट वागली नाहीस, मला माहीत आहे. तू तेच केलंस जे खापरीवर लिहिलं होतं. खरं काय ते लिहायचं काम माझं होतं.

म्हणून हे पत्र. माझा मुलगा तेलेस ते घेऊन येतोय, आणि सोबत ती खिट्टी. अमावास्येच्या आत तो तुझ्या दाराशी उभा राहील. खिट्टी आधी बसवून बघ, टपकन पडली तर मी लिहिलं ते खरं आहे असं समज. दार मला नको, तिमो. बाबांना त्याचं काही मिळालं नव्हतं. आज फानिअसला त्याचं जे काय मोल होईल ते घेऊ दे, आणि त्याच्या बदल्यात सिमी मला दे. दाराच्या बदल्यात माणूस कसं मागतेस असं तो विचारील. त्याला म्हण, यादी तुम्हीच केली होती, दोन्ही एकाच ओळीत होती. इथं ती कुणाची बटीक नसेल; तेलेस देवळात चार साक्षीदारांपुढं तिला मोकळी करील, मग राहावंसं वाटलं तर राहील, माझ्या तोंडावर थुंकून जावंसं वाटलं तर जाईल. मात्र बोटीत चढण्याआधी तू स्वतः तिला सांग, माझ्यावर ढकलू नकोस: तुझ्या आईनं खिट्टीला हात लावला नव्हता, आणि तिचं नाव झिया होतं. या वर्षीच्या मेंढ्यांची लोकर मी धुऊन ठेवली आहे. सिमी आली की आमच्या दाराला बांधीन. आळीतल्या बाया विचारायला येतील, म्हातारीला या वयात काय झालं म्हणून, आणि मी सांगेन, मुलगी झाली, त्रेचाळीस वर्षांची.

तुला अक्षरं शिकवणारी आणि एवढी एकच गोष्ट न लिहिणारी,
तुझीच
मिका